आमची वाटचाल: शिंपला म्हणजे चुना

आम्ही शिंपले जडवून भिंती, कोनाडे आणि डबे सजवतो. आमच्याकडे नवा कारागीर आला की त्याला चिमटा देण्याआधी एक गोष्ट सांगितली जाते: शिंपला म्हणजे चुना. फरशीवाला त्याला फरशी समजून लावतो, सुतार त्याला लाकडाचा तुकडा समजून चिकटवतो आणि दोघांचंही काम लवकरच सुटायला लागतं. शिंपल्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटला आम्ल सोसत नाही, मीठ सोसत नाही, कोंडलेली ओल तर मुळीच सोसत नाही. आमची फर्म उभी राहिली ती एवढं पथ्य पाळून. मध्यंतरी ती बुडायच्या बेताला आली, तीही दुसऱ्यांनी हे पथ्य मोडलं म्हणून.

सुरुवात दुरुस्तीच्या कामांनी झाली. जडावाचे जुने डबे, आरशांच्या चौकटी, बागेतल्या कारंज्यांचे कोनाडे. दुरुस्ती करणाऱ्याला काय टिकलं आणि काय गेलं हे रोज समोर दिसतं. बहुतेक वेळा गेलेला असतो गोंद किंवा पाठीचं लाकूड, शिंपला शाबूत असतो. याचा सगळ्यात मोठा दाखला इराकमधल्या उर या प्राचीन शहराचा. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२० च्या दशकात तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत सापडलेलं ‘उरचं स्टँडर्ड’, म्हणजे जडावाची पेटीसारखी वस्तू, इसवी सनापूर्वी सुमारे २५०० ची. शिंपल्यातून कापलेली माणसं, गाढवं, बकऱ्या. भोवती लाजवर्दाचे निळे तुकडे, मध्ये लाल चुनखडी आणि हे सगळं डांबरात बसवलेलं. लाकडी सांगाडा कुजून गेला, डांबराचा भुगा झाला, मातीच्या वजनाने फळ्या एकमेकींवर चेपल्या गेल्या. पण शिंपल्याच्या आकृत्यांवरच्या कोरीव रेषा आजही वाचता येतात. आम्ही कोणत्याही कामात शिंपल्यामागची पाठ आणि गोंद यांवर आधी बोलतो, नक्षीवर नंतर, ते यामुळेच.

रोमन कारागिरांनी पुढचा धडा दिला. इटलीतल्या पॉम्पे आणि हर्क्युलेनियममधले कारंज्यांचे कोनाडे पाहा. हर्क्युलेनियमच्या ‘नेपच्यून आणि अँफिट्राइटी’च्या घरात काचेच्या तुकड्यांच्या मोझेकला शिंपल्यांच्या रांगांची किनार आहे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यात दाबलेले शिंपले इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले आणि खोदून काढल्यावरही जागच्या जागी मिळाले. चुन्यात चुना बसवला की दोघं एकाच स्वभावाने वागतात. ओल आत येते, तशीच बाहेर जाते.

आमचा गिलावा अजूनही तोच आहे. खालचा थर एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग धुतलेली कंगोरेदार वाळू, जाडी दहा-बारा मिलिमीटर. वरचा बसवणीचा थर एक भाग चुना आणि दोन भाग बारीक संगमरवरी भुकटी. चुना किमान तीन महिने पाण्याखाली मुरलेला हवा. ताज्या चुन्यात न विरलेले कण राहतात, ते मागाहून फुगतात आणि शिंपला बाहेर ढकलतात. एका वेळी हातभर जागेवरच थर चढवावा. शिंपला बसवण्याआधी पाण्यात बुडवून वरचं पाणी निथळू द्यावं, पोकळ भाग त्याच गिलाव्याने भरावा आणि कडेने गिलावा वर येईपर्यंत दाबावा. साधारण एक तृतीयांश खोली आत गेली पाहिजे. मग आठवडाभर ओलं गोणपाट, ऊन नाही, पंखा नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही.

शिंपला निसटून हातात आला तर फेकू नका, त्याची पाठ बघा. पाठ कोरी असेल तर तो कोरडाच लावला होता. त्याने गिलाव्यातलं पाणी ओढून घेतलं आणि चिकटण्याच्या जागी भुकटी राहिली. पाठीला गिलाव्याचा गोळा चिकटून आला असेल तर दोष गिलाव्याचा किंवा भिंतीचा. भरलेल्या शिंपल्याला तडा गेला असेल तर आत हवा राहिली आणि दाबताना पातळ कवच फुटलं. कोणतंही जुनं काम हातात घेताना आम्ही आधी या तीन प्रकारांचे ढीग लावतो. कुठला ढीग मोठा आहे त्यावर दुरुस्तीची पद्धत ठरते.

धुण्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. समुद्रातून आलेल्या शिंपल्याच्या सूक्ष्म भेगांत मीठ असतं. भिंतीत ओल आली की ते विरघळतं, वाळली की स्फटिक होऊन फुगतं आणि शिंपल्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून आठवडाभर गोडं पाणी, रोज बदलायचं आणि शेवटच्या पाण्याची विद्युतवाहकता नळाच्या पाण्याइतकी उतरली की थांबायचं. मोजायचं यंत्र खिशात मावतं, ते न घेण्याला काही कारण नाही. वरची तपकिरी साल काढायला घरगुती ब्लीच एक भाग, पाणी चार भाग, काही तास पुरतात. रात्रभर विसरलात तर शिंपला खडूसारखा मऊ होतो, कारण ब्लीच थरांमधलं सेंद्रिय बंधन खाऊन टाकतं. मोतीशिंपेला, म्हणजे शिंपल्याच्या आतल्या झळाळत्या थराला, ब्लीच दाखवूसुद्धा नये. आणि फरशीवरचं सिमेंट काढायचं आम्ल घेऊन कोणी मदतीला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

हत्यारांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची निवड इथेच चुकते. चाकांची पक्कड काचेच्या तुकड्यांना उत्तम, पण मोतीशिंपेवर चालवली की ती कडेला पापुद्रे काढते. मोतीशिंप अरागोनाइटच्या सुमारे अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या पत्र्यांची, एकावर एक रचलेली असते. झळाळी येते ती या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे. त्यामुळे तिला तोडायचं नाही, कापायचं. सरळ कापासाठी पाण्याखाली फिरणारी पातळ डायमंड चकती, वळणांसाठी बारीक दातांची तारकरवत आणि खाली खाच पाडलेली लाकडी पाटी. पातं खालच्या दिशेने ओढतानाच कापलं पाहिजे, वर जाताना नाही. कड नेहमी ओल्या कानशीने. कोरडं घासलं की उडणारी पूड फुप्फुसात बसते. आमच्याकडे मास्कशिवाय आणि पाण्याशिवाय कोणीही यंत्राला हात लावत नाही, मालक असला तरी.

मोतीशिंपेचे चौकोन लावताना प्रत्येकाची दिशा एकच ठेवावी. शिंपल्याच्या वाढीच्या रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेचा बाण आम्ही कापण्याआधीच पाठीवर पेन्सिलने काढतो. बाण उलटसुलट लागले तर एका कोनातून अर्धे तुकडे उजळतात, अर्धे मेल्यासारखे करडे दिसतात. भिंत उभी राहिल्यावर यावर इलाज नाही. सांधे भरायला वाळू नसलेलं ग्राउटच वापरावं: मोतीशिंपेचा कठीणपणा मोह्सच्या मापात साडेतीनच्या आसपास, वाळूचा सात. स्पंजच्या एका फेरीत झळाळी धुरकट होते.

चिकटवण्याच्या बाबतीत जुने लोक गोंदावर कधीच पूर्ण विसंबले नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकात गुजरातेत बनलेल्या मोतीशिंपेच्या पेट्या-तबकं पाहिली तर तुकड्यांतून आरपार गेलेल्या पितळेच्या बारीक खिळ्या दिसतात. गोंद सुकून निकामी झाला तरी खिळी धरून ठेवते. कोरियातल्या लाखकामात याच्या उलट वाट आहे. तिथे शिंप इतकी पातळ घासतात की ती लाखेच्या थरांत बुडते आणि वर पुन्हा लाख चढवून घासून तिला उघडं करतात. आम्ही लहान कामात पहिली पद्धत घेतली. दुसऱ्या पद्धतीसाठी धूळमुक्त आणि दमट खोली लागते, ती परवडेपर्यंत आम्ही तसं काम घेतलंच नाही.

आता ज्या कामाने फर्म बुडायच्या बेताला आली त्याबद्दल. एका मोठ्या इमारतीच्या दर्शनी दालनात काचेआड शिंपल्यांची पूर्ण भिंत करायची होती. आमच्या लेखी तपशिलात पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा, सांध्यांना न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) सिलिकॉन आणि काचेच्या वर-खाली हवेसाठी फटी, असं स्पष्ट होतं. पाठ उभारणं आणि काच बसवणं अंतर्गत सजावटीच्या ठेकेदाराकडे होतं. त्याने ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असलेलं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा, लावलं, वरून ते पत्र्यासारखंच दिसत होतं. आमचं काम संपल्यावर त्याने काच साध्या, व्हिनेगरचा वास येणाऱ्या सिलिकॉनने बंद केली आणि फटीही बुजवल्या. काही महिन्यांत शिंपल्यांवर पांढरा, पिठासारखा थर आला. आधी झळाळी गेली, मग पृष्ठभागावर खड्डे पडले.

या रोगाला बाइनचा रोग म्हणतात. लॉफ्टस सेंट जॉर्ज बाइन या इंग्रज अभ्यासकाने १८९९ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याला तो जंतूंमुळे होतो असं वाटलं होतं. खरं कारण बंद जागेतली आम्लाची वाफ. ओक, एमडीएफ, काही गोंद आणि साधं सिलिकॉन यांतून ॲसिटिक किंवा फॉर्मिक आम्ल सुटतं, ओलीच्या साथीने ते शिंपल्यावर बसतं आणि कॅल्शियमचे क्षार फुलून बाहेर येतात. संग्रहालयांतल्या लाकडी कपाटांनी कितीतरी शंखशिंपले असे खाल्ले आहेत. एकदा खड्डा पडला की ती झळाळी परत येत नाही.

ठेकेदाराने सांगितलं की माल सडका होता. आमच्याच धंद्यातल्या एका स्पर्धकाने ते चार ठिकाणी पोचवलं आणि त्या दालनाचं नवं काम स्वतःकडे घेतलं. शेवटचा हप्ता अडकला, हातातल्या दोन ऑर्डरी रद्द झाल्या, कच्चा माल देणाऱ्याने उधारी बंद केली. कारागिरांचे पगार देण्यासाठी मोठी चकती विकावी लागली.

आम्हाला वाचवलं ते एका सवयीने. प्रत्येक लॉटमधले मूठभर शिंपले आम्ही काचेच्या बरणीत तारीख घालून ठेवतो. त्याच लॉटची बरणी काढली: शिंपले चकचकीत. मग त्यांतले काही शिंपले, त्या भिंतीतून निघालेला एमडीएफचा तुकडा, त्याच सिलिकॉनची एक रेघ आणि ओला कापूस एका घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले; शेजारच्या बरणीत फक्त शिंपले आणि ओला कापूस. दोन्हींत आम्ल ओळखणारी निळी पट्टी सोडली. पहिलीतली पट्टी आधी हिरवी, मग पिवळी झाली आणि काही आठवड्यांत शिंपल्यावर तीच पांढरी भुकटी उगवली. दुसऱ्या बरणीत काहीच झालं नाही. दोन्ही बरण्या इमारतीच्या मालकांच्या टेबलावर ठेवल्या. आमचं म्हणणं त्यांनी मान्य केलं, बदनामी थांबली. पण तोवर हिशेब बंद झाला होता, अडकलेला हप्ता आजतागायत आलेला नाही. आणि स्पर्धकाने जाळीवर चिकटवलेले रंगवलेले शिंपले लावलेली ती भिंत खिडकीकडच्या बाजूने केव्हाच फिकी पडली. रंग दिलेला शिंपला उन्हात टिकत नाही, हे आम्ही तेव्हाच लिहून दिलं होतं.

त्या दिवसांत एक गिऱ्हाईक हललं नाही. बागेतल्या कारंज्याचा कोनाडा आमच्याकडून करून घेतलेल्या बाई. लोक आमच्याबद्दल काय बोलतात हे ऐकूनही त्यांनी पुढच्या किनारीची पूर्ण रक्कम आगाऊ दिली. त्यांच्याएवढी निगा राखणारं गिऱ्हाईक आम्हाला दुसरं मिळालं नाही. दरवर्षी थंडी संपली की त्या लाकडी पळीच्या दांड्याने एकेक शिंपला हलकेच ठोकत जातात. टणक आवाज आला तर पुढे, बद्द आवाज आला तर शेजारी खडूची खूण. मग आम्ही जाऊन फक्त खुणेचे शिंपले काढतो, पाठ बघतो, परत बसवतो. बाकीच्यांना हात लावत नाही. साबण नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी. त्या कोनाड्यावर वॉर्निशही नाही. वॉर्निश पिवळं पडतं आणि ओल आत कोंडतं. घरातल्या कोरड्या कामाला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो.

नवं काम करणाऱ्यांनी इंग्लंडमधली दोन ठिकाणं जरूर अभ्यासावीत. मार्गेटची शिंपल्यांची भुयारं १८३५ मध्ये उजेडात आली, भिंतींवर सुमारे ४६ लाख शिंपले. ते आज काळवंडलेले दिसतात ते मुख्यतः गॅसच्या दिव्यांच्या काजळीने. म्हणजे दिवा कुठला लावायचा, हा प्रश्नही शिंपल्याच्या कामाचाच भाग आहे. दुसरं, डेव्हनमधलं अ ला रोंद हे घर. जेन आणि मेरी पार्मिंटर या चुलत बहिणींनी तिथे वरच्या गॅलरीत शिंपले आणि पिसं लावली. ती इतकी नाजूक झाली आहेत की लोकांना आत सोडत नाहीत. जिथे खांदा, कोपर किंवा पिशवी लागते तिथे उठावाचं काम करू नये, सपाट मोतीशिंप लावावी, हे आम्ही गिऱ्हाइकाला आराखड्यातच सांगतो.

मालाबाबतही एक सांगायचं आहे. राणी शंख १९९२ पासून आणि नॉटिलस २०१७ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, महाकाय शिंपलेही त्याच यादीत. परवान्याशिवाय ते देशाबाहेर जात नाहीत. स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नका. आम्ही मुख्यतः खाण्यासाठी वाढवलेल्या कालवांची आणि शिणाण्यांची टरफलं वापरतो, मोतीशिंपही मोत्यांच्या शेतीतली. रंगांची निवड कमी मिळते, पण प्रत्येक पोत्याबरोबर कागद येतो.

आता करारात तीन कलमं कायम असतात. पाठीचा पत्रा आम्हीच आणून लावणार. काच आमच्या माणसासमोर बसणार आणि सिलिकॉनच्या नळीचा फोटो फाइलमध्ये राहणार. काचेआड आम्लाची पट्टी सहा महिने राहणार, तिचा रंग गिऱ्हाइकाने दर महिन्याला आम्हाला कळवायचा. काही ठेकेदार यावर कुरकुर करतात. त्यांचं काम आम्ही घेत नाही.