झाकण उघडलं की टचपॅड ठप्प

आज म्हापशात एक लॅपटॉप हाताखाली होता. त्यात लिनक्स मिंट ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टम), झाकण मिटून उघडलं की टचपॅड मेलेला, रीस्टार्ट केला की जिवंत. अशा वेळी ओएस नव्याने टाकायची घाई कृपा करून नको. यूएसबी माऊस लावा, लिबइनपुट-टूल्स (माऊस-टचपॅडच्या हालचाली तपासायची साधनं) हे पॅकेज घ्या आणि टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी आज्ञा) लावून 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा. बोट फिरवूनही ओळ उमटत नसेल, पण 'लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस'च्या यादीत टचपॅडचं नाव असेल, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे टचपॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर: स्लीपमधून तो नीट उठलेला नसतो. नव्या मशीनचा टचपॅड बहुतेक आयटूसी या आतल्या जोडणीवर असतो. 'मॉडप्रोब -आर'ने आयटूसी_एचआयडी_एसीपीआय मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) उतरवा, मग नुसत्या 'मॉडप्रोब'ने परत चढवा. पीएस/२ या जुन्या जोडणीवरच्या टचपॅडला तेच, फक्त मॉड्यूल पीएसमाऊस. जमलं, तर याच आज्ञा सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सिस्टम-स्लीप फोल्डरमधल्या स्क्रिप्टमध्ये 'पोस्ट'खाली, म्हणजे झोपेतून उठल्यावरच्या भागात घाला; स्क्रिप्टला चालायची परवानगी देणारं सीएचमॉड +एक्स विसरलात तर ती चालणारच नाही.

कर्सर आपोआप उड्या मारत असेल तर गोष्ट वेगळी. आधी चार्जर काढून बघा. उड्या थांबल्या, तर दोष बहुधा अर्थिंगचा. टू-पिन अडॅप्टर काढा, थ्री-पिन सॉकेट वापरा. आणि आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात पॅड कोरड्या कपड्याने पुसाच, ओलावा त्याला बोटासारखाच भासतो.