बगळ्याच्या घरी

बगळे पाहण्याच्या फेरीसाठी माझे नाव नोंदवल्याचे मुलीने सांगितले, तेव्हा मला हसू आले. नांगरामागून किडे टिपत चालणारे, म्हशीच्या पाठीवर बसून फुकट फिरणारे आणि दिवेलागणीच्या सुमारास रांगेने घराकडे निघालेले बगळे पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये आणखी कोणता बगळा दाखवणार होते? ती रांग डोक्यावरून जाऊ लागली की आम्ही मुले नखांवर नखे घासत बगळ्यांकडे कवड्या मागत असू, आणि नखावर पांढरा ठिपका दिसला की तो त्यांनीच दिला, याबद्दल कोणालाही शंका नसे. मात्र ते ज्या घराकडे निघालेले असत ते कुठे आहे, हे पाहायला आमच्यापैकी एकही जण कधी गेला नाही.

फेरी होती स्टॅन्ले पार्कमध्ये, आणि ते नावाला उद्यान. १८८८ साली लोकांसाठी खुले झालेले, सुमारे ४०० हेक्टरांचे आणि बहुतेक बाजूंनी पाण्याने वेढलेले ते एक जंगलच आहे. एवढे रान हाताशी असताना बगळ्यांनी निवडलेली जागा पाहून मी चक्रावलो. उद्यान मंडळाच्या कचेरीला लागून, टेनिसच्या कोर्टांच्या डोक्यावर आणि समोरच्या उंच इमारतींच्या गॅलऱ्यांतून सहज दिसतील अशी त्यांची घरटी आहेत. २००१ पासून ते याच जागी दर वसंतात येतात. अशा वसाहतीसाठी मारुती चितमपल्लींमुळे मराठीला ‘सारंगागार’ असा सुरेख शब्द मिळाला आहे; पण त्या शब्दातून या जागेच्या वासाची काहीच कल्पना येत नाही. सडक्या मासळीचा आणि चुन्यासारख्या विष्ठेचा तो वास वळणावरच भेटतो. आमच्या वाटाड्याने, म्हणजे एका उत्साही स्वयंसेवकाने, निघताना सर्वांना छत्री आणली आहे का, असे विचारले होते, आणि आकाश निरभ्र असल्यामुळे मी ती मुलीच्या गाडीतच ठेवली होती. माझ्या स्वेटरच्या खांद्याला त्याचे कारण पुढे दहा मिनिटांतच कळले.

झाडांच्या बुंध्यांना पत्रे गुंडाळलेले पाहून मात्र मला एकदम कोकणात आल्यासारखे वाटले. नारळावर उंदीर चढू नयेत म्हणून आपल्याकडे जो उपाय करतात, तोच इथे रॅकून या झाडावर चढणाऱ्या प्राण्यासाठी केला आहे. खालून येणाऱ्या चोराचा बंदोबस्त असा झाला. वरून येणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला कोणता पत्रा लावणार? तो भरदिवसा येऊन पिल्लू उचलून नेतो, आणि हे सांगताना वाटाड्याने आवाज जराही हळवा होऊ दिला नाही, हे मला आवडले. गरुडालाही पिल्ले असतात, एवढेच तो म्हणाला.

हा ग्रेट ब्लू हेरॉन म्हणजे आपल्या राखी बगळ्याचा थोराड चुलतभाऊ. उभा राहिला की मीटरभर उंच, पंख पसरले तर माणसाच्या उंचीएवढा, आणि वजन मात्र अडीच किलोच्या आसपास. मे महिना असल्याने बहुतेक घरट्यांत पिल्ले आली होती, तरी एक जोडपे अजून घरच बांधत होते. माझी दुर्बीण त्यांच्यावर जी स्थिरावली ती हललीच नाही. नर चोचीत एक लांब काटकी आडवी धरून आला, फांदीवर तोल सावरत मान उंच केली आणि ती काटकी मादीच्या चोचीत दिली. तिने ती एका जागी खोचली, मान तिरकी करून पाहिले, उपसून काढली, दुसरीकडे खोचली आणि ती तिथेही पटली नाही. तिसऱ्या खेपेला काटकी निसटून खाली पडली. नराने खाली पाहिलेसुद्धा नाही. तो पुन्हा उडाला आणि या वेळी सरळ शेजारच्या घरट्यातली काटकी ओढून घेऊन आला. शेजारीण काही क्षणच दूर झाली होती. नव्या घराचे पडदे निवडताना मी केलेल्या फेऱ्या मला आठवल्या. फक्त शेजाऱ्यांचे पडदे आणण्याइतकी माझी मजल गेली नव्हती.

अंडी उबवण्याच्या पाळ्याही ठरलेल्या असतात: दिवसा बहुधा नर बसतो, रात्री मादी. जवळजवळ चार आठवडे हे चालते. पुढे पिल्ले उडू लागेपर्यंत आणखी दोन महिने जातात, आणि त्या काळात आई किंवा बाप उतरला की सारे घरटे टकटकाटाने दणाणते. पिल्ले आईबापांची चोच आडवी पकडून अक्षरशः खाली खेचतात, तेव्हा कुठे गळ्यात साठवून आणलेला घास बाहेर येतो. आधी जन्मलेले पिल्लू मोठे असते, त्यामुळे पहिला घास त्याचा. धाकट्याच्या वाट्याला कधी उरलेसुरले येते, तर कधी टोच्या.

हे सगळे पाहताना मला आपल्या भाषेची थोडी लाज वाटली. एका पायावर उभा राहून डोळे मिटल्याचे सोंग करणारा लबाड, अशी बगळ्याची ख्याती आपण करून ठेवली, आणि ‘बकध्यान’ हा शब्द तर शिवीसारखाच वापरतो. तो शब्द घडवणाऱ्याने त्याला नेहमी पाणवठ्यावर, म्हणजे कामावर असतानाच पाहिले असणार. साहेबाला नुसते कचेरीत पाहून त्याचा स्वभाव ठरवावा, तसलाच हा प्रकार झाला.

परतताना आम्ही लॉस्ट लगून या तळ्याच्या काठाने गेलो. पाणवनस्पतींच्या कडेला एक बगळा नेहमीच्या थाटात, मान खांद्यात घेऊन उभा होता. मुलीला घरी जाण्याची घाई होती, पण मी थांबलो. पंधरा-वीस मिनिटे तो ढिम्म हलला नाही. मग मान बाणासारखी सुटली, काहीतरी चमकले, घशावरून एक फुगवटा सरकत खाली गेला, आणि पंख हलवत तो टेनिस कोर्टांच्या दिशेने निघाला.

“बाबा, आता तरी निघायचे?” मुलीने विचारले.

“थांब जरा, त्याला घरी पोहोचू दे,” मी म्हणालो.