भरतकामाखालचा पेपर

मशीनवर केलेल्या नक्षीभोवती चुण्या दिसू लागल्या, की आपण आधी दोऱ्याचा ताण तपासतो, मग सुई बदलतो आणि शेवटी मशीनलाच बोल लावतो. मी मात्र सर्वांत आधी काम उलटे करून पाहते, कारण खोट बहुतेक वेळा कापडाखाली आधाराला लावलेल्या स्टॅबिलायझरमध्ये, म्हणजे आपण ज्याला ‘पेपर’ म्हणतो त्यात, सापडते. दुकानात नुसता ‘पेपर’ मागितला, तर बहुधा फाडून काढायचा नॉन-वोवन पेपर हाती पडतो, आणि तोच सगळीकडे चालवण्याची सवय लागून जाते.

प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने थोडा ओढत असतो. भरीव नक्षीत दोऱ्याच्या ओळी साधारण ०.४ मिमी अंतरावर बसतात. त्यामुळे ही बारीक ओढ हजारो वेळा साठत जाते आणि संगणकावर अगदी गोल दिसलेले फूल कापडावर लंबगोल होते, किंवा भराव आणि बाह्यरेषा यांच्यामध्ये मूळ कापडाची फट उघडी पडते. ही ओढ कापडाने एकट्याने सोसू नये, एवढ्यासाठीच खाली आधार द्यायचा असतो.

म्हणून मी नक्षीकडे नंतर पाहते. आधी कापड दोन्ही हातांनी आडवे-उभे ताणून बघते. टी-शर्टसारखे विणीचे, ताणले जाणारे कापड असेल, तर कट-अवेच, म्हणजे न फाडता कडेने कात्रीने कापायचा स्टॅबिलायझर, वापरावा, असे माझे ठाम मत आहे. फाडायचा पेपर सुईच्या छिद्रांनी शिवतानाच खिळखिळा होतो, आणि उरलासुरला काढून टाकला की पुढे प्रत्येक धुण्यात आणि अंगावर घालताना ताणल्या जाणाऱ्या कापडाला धरून ठेवणारे काहीच राहत नाही. कट-अवे मात्र कपड्यासोबत कायम राहतो. नक्षीभोवती अर्धा-पाऊण सेंटिमीटर सोडून तो गोलाईने कापावा, म्हणजे त्याचे कोपरे टोचत नाहीत. टेअर-अवेची, म्हणजे फाडायच्या पेपरची, जागा न ताणल्या जाणाऱ्या सुती कापडावर, पिशवीवर किंवा डेनिमवर आहे, तीही नक्षी फार दाट नसेल तर. तो काढताना एका हाताचा अंगठा टाक्यांवर दाबून धरावा. ओरबाडला, तर कडेचे टाके हमखास वाकडे होतात.

टॉवेलवर खालच्या आधाराइतकीच वरची पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म महत्त्वाची असते. ती नसली, तर कापडाचे फासे टाक्यांमधून डोके वर काढतात. ऑर्गेन्झा किंवा जाळीच्या कापडाची उलटी बाजूही दिसते, म्हणून तिथे धुऊन जाणारा स्टॅबिलायझर बरा. पण पाण्याचे डाग पडणाऱ्या रेशमी ब्लाउजपीसवर त्याचा उपयोग नाही. तिथे मी मऊ, पातळ कट-अवे पसंत करते. ब्लाउजच्या गळ्याला घालतात तो कडक बकरम इथे नकोच, कारण नक्षी पुठ्ठ्यासारखी उभी राहते. मखमल तर रिंगमध्ये अडकवूच नये. लव दबून वर्तुळाकार वळ उठतो. रिंगमध्ये केवळ स्टॅबिलायझर ताणून बसवावा, त्यावर भरतकामाचा तात्पुरता गोंद फवारावा आणि मखमल अलगद ठेवून कडेने कच्चा टाका घालावा.

इतर कापडांच्या बाबतीत स्टॅबिलायझर रिंगच्या चारही बाजूंनी पकडला गेलाच पाहिजे. मधोमध सरकवलेला तुकडा फारसे काही धरत नाही. रिंग आवळल्यावर कापड ओढून घट्ट करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ताणलेले कापड रिंगमधून सुटले, की मूळ मापावर परत येते, टाके मात्र जागचे हलत नाहीत, आणि चुण्या तिथेच जन्माला येतात. नवे सुती कापड आधी धुऊन घ्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटते आणि खालचा पॉलिएस्टरचा पेपर तेवढाच राहतो.

विरघळणारी फिल्म पावसाळ्यात उघडी ठेवली, तर हवेतल्या दमटपणाने लिबलिबीत होते. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी ती हवाबंद पिशवीतच ठेवावी आणि शिवण्याच्या वेळीच बाहेर काढावी.