वरवंटा दूध प्यायला त्याची गोष्ट

परवा एका मित्राशी जेवताना वाद झाला, विषय तोच जुना, विज्ञानापुढे श्रद्धा टिकते का. त्याचं म्हणणं शाळेत सायन्स नीट शिकवलं की दोन पिढ्यांत सगळं गळून पडेल. मी म्हटलं बाबा तू माझ्या आजीला भेटला नाहीस.

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. आम्ही तेव्हा साताऱ्याला, मी सहावीत. गणपती जाऊन दोन आठवडे झालेले, पितृपक्ष चालू, आणि सकाळी कुणीतरी धावत आलं की दिल्लीत गणपती दूध प्यायला लागलाय. मोबाईल नाही व्हॉट्सअ‍ॅप नाही, तरी दुपारपर्यंत देशभर आणि पार लंडनमधल्या देवळांत रांगा. आमच्या गल्लीतल्या देवळाबाहेर बायका वाट्या घेऊन उभ्या, डेअरीत दूध संपलं, आणि मी स्वतः, हो मी स्वतः, चमचा सोंडेला लावला आणि दूध कमी होताना डोळ्यांनी बघितलं. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

काका हायस्कूलला सायन्स शिकवायचा. तो संध्याकाळी आला, काही न बोलता पाट्यावरचा वरवंटा उचलला, नळाखाली ओला केला, उभा धरला आणि चमचा काठोकाठ भरून त्याला टेकवला. वरवंटा प्यायला! शांतपणे, गणपतीइतकाच. फक्त हा काळा दगड असल्यामुळे खाली जाणारा पांढरा ओघळ दिसत होता, देवळातल्या संगमरवरी मूर्तीवर तो दिसला नव्हता. काकानं समजावलं, चमचा भरला की दूध काठाच्या वर जरा फुगून राहतं, ते पृष्ठताणामुळे, त्याला ओला दगड लागला की दूध दगडाला धरतं आणि एकदा धार लागली की मागचं दूध ओढलं जातं, पातळ पापुद्र्यासारखं अंगावरून उतरतं. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी पण हेच केलं, दुधात रंग घातला आणि रंग मूर्तीवरून ओघळताना दाखवला. म्हणजे पुरावा त्याच दिवशी हजर होता, वर्षानुवर्षं थांबावं लागलं नाही.

आता आजी. ती दारात उभी राहून सगळं बघत होती. काका विजयी चेहऱ्यानं म्हणाला, बघ आई, आता वरवंटा पण देव का? आजी म्हणाली, "अरे बारशाला आपण त्यालाच आधी कुंची घालून पाळण्यात ठेवतो ना, गोप्या म्हणून? मग दूध प्यायला तर नवल काय त्यात."

काकाचं तोंड बघण्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी गणपतीनं पिणं बंद केलं तर आजीकडे त्याचंही उत्तर तयार, पोट भरलं असेल. प्यायला तरी बरोबर, नाही प्यायला तरी बरोबर. लहानपणी ज्याची बॅट असायची तो पोरगा कधी आउटच व्हायचा नाही, तसला प्रकार. मित्राला हेच सांगत होतो, की श्रद्धा पुराव्यापुढे टिकते असं म्हणताना ती खेळात उतरली होती का ते आधी बघ. काकाच्या म्हणण्याला धोका होता, वरवंटा प्यायला नसता तर काका तोंडावर पडला असता. आजीला कसलाच धोका नव्हता.

पण आजी अडाणी होती असं समजू नका. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण होतं, आमच्याकडे खंडग्रास. आजीनं दुधात लोणच्यात तुळशीपत्रं टाकली, चुलीवर काही ठेवलं नाही. काका पुठ्ठ्याला भोक पाडून पोरांना भिंतीवर सूर्याची कोर दाखवत होता, आणि मध्येच आत ओरडून विचारतो, आई मोक्ष कितीला आहे गं? आजीनं पंचांगात बघून वेळ सांगितली आणि ग्रहण त्या वेळेला सुटलं! गणित पक्कं असल्यावर दुसरं काय होणार. आजीच्या डोक्यात ते गणित आणि राहू-केतू एकाच खणात होते, आणि तिला त्यात काही अडचण वाटली नाही कधी.

इथपर्यंत गंमत. पुढं आजीला शुगर निघाली. इन्सुलिन ती घड्याळ लावून घ्यायची, एक दिवस चुकवलं नाही. पण पायाला जखम झाली तेव्हा ओळखीतल्या एकींनी कुठल्यातरी बाबांचा अंगारा आणून दिला आणि तो जखमेवर लागत राहिला, आम्हा कुणाच्या लक्षात येईपर्यंत दोन आठवडे गेले. अंगठा काढावा लागला. तेव्हा मला पहिल्यांदा तिच्या श्रद्धेचा राग आला, आणि आपण सगळे हसून सोडून देत होतो त्याचा त्याहून जास्त.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे, असं ते सांगत राहायचे आणि काका त्यावर चिडायचा, म्हणायचा डॉक्टर फार मऊ बोलतात. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, मग डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा पास झाला. गोळ्या घातल्या त्या दिवशी काका जेवला नाही, आणि डॉक्टर मऊ बोलतात हे वाक्य मी नंतर त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

हां, आजीचं राहिलं. ऑपरेशननंतर ती रोज सकाळी ड्रेसिंग करून घ्यायची, नर्सला हात धुतलेस का विचारायची. अंगारा बंद झाला नाही, पण आता तो कपाळाला लागायचा, पायाला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, चर्चा नाही, वाद नाही, चूक झाली असं ती शेवटपर्यंत म्हणाली नाही. फक्त अंगारा पायावरनं कपाळावर गेला. काकाच्या वरवंट्यानं जे झालं नाही ते असं गुपचूप झालं, आणि त्यासाठी एक अंगठा गेला हे मला अजून पचत नाही.

गेल्या महिन्यात भाचीचं बारसं होतं, पुण्यात, फ्लॅटमध्ये. ऐन वेळी कळलं की घरात मिक्सर दोन आहेत पण वरवंटा नाही. बहीण म्हणाली खलबत्त्यातला बत्ता ठेवू, कोण बघतंय. काका, वय आता सत्तरीपार, उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "बत्ता कसा चालेल, वरवंटाच पाहिजे," आणि जिना उतरून खालच्या मजल्यावर मागायला गेला.