मागून हॉर्न वाजलाच नाही

स्वित्झर्लंडहून आल्यापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, युंगफ्राउला गेलीस का. गेले. ३,४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनवर उतरले, बर्फ बघितला, फोटोसाठी रांगेत उभी राहिले, मग इंटरलाकनला गर्दी, लाउटरब्रुनेनला गर्दी, तीन दिवस असे गेले आणि त्यातलं मला आता धड काही आठवतही नाही. मला सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. बर्नजवळच्या एमेंटाल खोऱ्यातल्या एका चढावर फार तर दहा मिनिटांत घडलेलं.

दादा बर्नला राहतो, अकरा वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना म्हणाला, उद्या सायकलवर जाऊ. मी सरळ नाही म्हणाले. १९९६ साली, अकरावीत असताना, सिंहगड रोडला सायकलवरून पडले, डावं कोपर मोडलं, प्लेट बसवली, आणि बाबांनी महिन्याभरात सायकल विकून टाकली. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी रस्त्यावर सायकल चालवलेली नव्हती. दादाला हे सगळं माहीत आहे, म्हणजे त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं माहीत आहे. तो म्हणाला, "अगं, आधी रस्ता बघ, मग नाही म्हण." वहिनीने तर रात्रीच दशम्या करून डब्यात भरल्या आणि वर शेंगदाण्याची चटणी. डबा भरल्यावर कसं नाही म्हणणार.

बर्नहून बुर्गडोर्फ ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं. तिथे स्टेशनवरच भाड्याने बॅटरीवाल्या सायकली घेतल्या. ह्या सायकली पायडल मारलं तरच मदत करतात, नुसतं बसून राहिलं तर जात नाहीत, आणि वजनाला चांगल्या दणदणीत. बाहेर पडलं की लाल पाट्या सुरू होतात, त्यावर पांढरी सायकल आणि रूटचा नंबर. एक आकडा असेल तर देशभराचा रूट, दोन आकडे असतील तर त्या भागातला, तीन असतील तर गावापुरता. आम्ही धरला तो ९९ नंबर मात्र दोन आकडी असूनही देश ओलांडून जातो, लोझानपासून पार बोडन्झे सरोवराच्या काठावरच्या रोर्शाखपर्यंत, ७०० किलोमीटरच्या वर, आणि तोही मुद्दाम कमी वाहतुकीच्या रस्त्यांवरून. थोडं अंतर ते ९९ आणि मग दादाच्या ओळखीचे शेतरस्ते असा आमचा बेत होता.

पहिला अर्धा तास मी काय बघितलं विचाराल तर हँडल. बोटं दुखायला लागली इतकं घट्ट धरलं होतं. हास्ले-रुएग्साउचा लाकडी पूल आला तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. १८३७ साली एमे नदीला मोठा पूर आला, पूल वाहून गेले, म्हणून १८३९ मध्ये हा बांधताना नदीत एकही खांब ठेवला नाही. जवळजवळ ५८ मीटरची लाकडाची एकच कमान आणि वर घरासारखं छप्पर. पुढे विसाव्या शतकात तो सबंध पूल मूळ जागेवरून हलवून दुसरीकडे नेला. उन्हातून आत शिरलं की एकदम गार, जुन्या लाकडाचा वास, आणि तुळयांच्या फटींतून खालचं पाणी लकाकताना दिसतं. मी उतरून एका तुळईवर हात ठेवला, वाड्याच्या खांबासारखी गुळगुळीत लागली. जोशींच्या वाड्यात लहानपणी राहिलेल्या माणसाला ते हाताला लगेच कळतं.

ल्युत्सेलफ्लू गावानंतर चढ सुरू झाले आणि गाड्या संपल्या. संपल्या म्हणजे खरोखर संपल्या, तासाभरात मी मोजून चार गाड्या बघितल्या. जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढाच रस्ता पण डांबर असं की एक खड्डा नाही, दोन्ही बाजूंना कापायला आलेलं गवत, आणि गाई दिसायच्या आधी त्यांच्या घंटा ऐकू येतात. मी दादाला विचारलं, एवढे चांगले रस्ते आणि गाड्या का नाहीत, केले कशाला मग? त्याने सांगितलेलं मला फार आवडलं. ह्या खोऱ्यात जुनी रीत अशी की शेत वाटायचं नाही, सबंध शेत एकाच मुलाकडे जायचं आणि तेही धाकट्याकडे. त्यामुळे शेतं मोठी राहिली आणि प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर एकटं राहिलं, जमिनीपर्यंत उतरलेलं भलंमोठं छप्पर, खिडक्यांत लालभडक जिरेनियम, आणि शेजारी एक छोटं घर, स्ट्योक्ली म्हणतात, मुलाच्या हाती शेत दिलं की म्हातारा-म्हातारी तिकडे राहायला जातात. आता टेकडीवरच्या प्रत्येक घराला गावात दूध न्यायला रस्ता हवाच. म्हणून हे रस्ते. आणि त्यातल्या कितीतरी रस्त्यांच्या तोंडाशी लाल गोलात मोटार आणि मोटारसायकल काढलेली पाटी आहे, म्हणजे इथे राहणारे आणि त्यांच्याकडे येणारे सोडून कुणी आत शिरायचं नाही. सायकलला मात्र मोकळं. आमच्या गावाकडे चार भावांत वाटणी होऊन बांध इतके झाले की बैलगाडी वळवायला जागा उरली नाही, तिथे मी वाढले, त्यामुळे मला त्या रस्त्यांचं किती अप्रूप वाटलं ते इथल्या माणसाला कळणार नाही.

दादा असंही म्हणाला की इथे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सायकलच्या वाटा थेट राज्यघटनेत घालाव्यात का यावर मतदान झालं आणि ७३.६ टक्के लोकांनी हो म्हटलं. त्याचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, कँटन्सना म्हणजे राज्यांना २०४२ पर्यंत हे जाळं पूर्ण करायचंय. मला पुण्याची आठवण आली. सायकलींचं शहर म्हणायचे आपल्याला, बाबा रोज डेक्कनवरून खडकीला सायकलवर कामाला जायचे. पुण्यात ते राहिलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि आपल्या मुली रस्त्यावर सायकल न शिकताच मोठ्या होतात याचं त्याहून जास्त.

पुढे आफोल्टर्न गावात चीज करतात ते बघितलं. चीजच्या शंभर किलोच्या एका चाकाला साधारण १,२०० लिटर दूध लागतं. आणि त्यातली भोकं? बॅक्टेरिया गॅस सोडतात हे शाळेत शिकलेलं, पण तो गॅस जमतो कुठे, तर दुधात पडलेल्या गवताच्या बारीकशा कणाभोवती, हे तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने, आग्रोस्कोपने, २०१५ मध्ये दाखवलं. दूध काढायची पद्धत फार स्वच्छ झाली तशी भोकं कमी व्हायला लागली होती. मी आईला फोन करून हे सांगितलं, तिला युंगफ्राउपेक्षा जास्त इंटरेस्ट वाटला.

मग जेवायच्या वेळेला ज्या खानावळीवर आमची भिस्त होती तिचा नेमका त्या दिवशी साप्ताहिक सुट्टीचा बोर्ड. मला राग आला. खेड्यात एकच ठिकाण असेल तर निदान पाणी-कॉफीपुरतं तरी उघडं ठेवावं, माझं हे मत अजून बदललेलं नाही. वहिनीच्या दशम्यांनी वाचवलं. एका शेताच्या दाराशी फ्रीज होता, आत सफरचंदाचा रस, अंडी, चीज, बाजूला पैसे टाकायचा पत्र्याचा डबा, आणि आजूबाजूला माणूस नाही. रस घेतला, नाणी टाकली, बांधावर बसलो. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरं ओळीने. त्यांच्यासाठी मी तीन दिवस रांगा लावल्या होत्या.

आता ते दहा मिनिटांचं.

संध्याकाळी परत फिरताना शेवटचा एक लांब चढ होता. दिवसभर मी बॅटरी जोरात वापरली होती, ती तिथे संपली आणि ती जड सायकल पायांवर आली. दादा पुढे निघून गेला होता. डावीकडे दरड, उजवीकडे उतार आणि खाली ओढा. आणि मागून इंजिनचा आवाज आला.

मला सांगता येत नाही काय होतं ते. मागे गाडी आली की माझे खांदे आपोआप कानापर्यंत जातात. चालत असले तरी जातात. मी वाट बघायला लागले, आता वाजवेल, आता वाजवेल. आवाज जवळ आला आणि तिथेच थांबला, म्हणजे तेवढ्याच अंतरावर राहिला. मी हळू झाले तर तोही हळू. एक वळण झालं. दुसरं वळण झालं. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात सोडायची हिंमत नव्हती. शेवटी एका शेताकडे जाणारा फाटा आला, तिथे मी जवळजवळ पडतच उतरले आणि सायकल बाजूला ओढली.

जुना हिरवा ट्रॅक्टर, मागे दुधाची टाकी, वर सत्तरीचे एक आजोबा. मला वाटलं आता भुर्रकन जातील. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की टाकीत दूध डुचमळून स्थिर होताना ऐकू आलं. मी येत होतं तेवढं जर्मन जमवून माफी मागितली. त्यांनी हात हलवला, म्हणाले, "नुमे निद ग्श्प्रेंग्ट." मला ओ की ठो कळलं नाही. मग वर बोट करून दोन बोटं दाखवली, अजून दोन वळणं, आणि माझा श्वास खाली बसेपर्यंत खरोखर तसेच बसून राहिले. मी मान हलवल्यावरच त्यांनी इंजिन चालू केलं, उजवी चाकं गवतात घातली आणि माझ्यापासून हातभर नाही, चांगलं अर्धा रस्ता अंतर ठेवून पुढे गेले.

दुधाची वेळ होती हो ती. गावातल्या खेझीत, म्हणजे चीज करतात त्या डेअरीत, ठरलेल्या वेळेला दूध पोचवायचं असतं. त्यांना घाई होती.

वर पोचले तर दादा दगडी कारंजाच्या काठावर बसलेला. थोडं पुढे खेझीच्या दारात तोच ट्रॅक्टर, टाकीला पाइप लावलेला. आजोबांनी लांबूनच हात वर केला. मी दादाला ते शब्द जमतील तसे म्हणून दाखवले. तो म्हणाला, "हे बर्नकडचं बोलणं आहे. घाई नको, सावकाश." आणि मग मला जे रडू आलं ते थांबेना. दादा घाबरला, म्हणाला, काय गं, पडलीस का, लागलं का.

मग मी त्याला सांगितलं. त्या दिवशी सिंहगड रोडला ब्रेक लागला नाही म्हणून मी पडले, असं मी घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. मागून टेम्पोने अगदी कानाशी हॉर्न दिला, मी दचकले, हँडल वळलं, खडीत गेले. हॉर्नला घाबरते असं म्हटलं असतं तर बाबांनी सायकल बंद केली असती, म्हणून ब्रेकचं नाव घेतलं. सायकल तरी बंद झालीच. आणि आदल्या दिवशी ते ब्रेक दादानेच बसवले होते. बाबा त्याला काय काय बोलले होते ते मी हॉस्पिटलच्या खाटेवर पडून ऐकलं होतं, आणि गप्प राहिले होते. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. कारंजाचं पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं, रुमालाने पुसलं. मग उठून माझ्या सायकलपाशी गेला, खाली वाकला, मागचा ब्रेक दोनदा दाबून बघितला, पुढचा एकदा, आणि म्हणाला, "चल. आता सगळा उतार आहे. तू पुढे हो."