वाकलेली एलपी पुन्हा वाजली

बाबांच्या संग्रहातली ख्यालगायनाची एक एलपी, म्हणजे ग्रामोफोनची मोठी तबकडी, आज सकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर पुण्याचे कितीतरी उन्हाळे सोसून ती वाकली होती. दर फेऱ्याला सुई वरखाली व्हायची आणि तानपुऱ्याचा सूर हेलकावायचा. ऐकताना जीव तुटायचा.

काचवाल्याकडून 14 इंची चौरस, जाड अशा दोन काचा कडा घासून आणल्या. एलपी धुऊन पूर्ण कोरडी केली, कारण मध्ये राहिलेला धुळीचा कण गरम झाल्यावर थेट खाचेत रुततो. मग काचांमध्ये घालून ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये), 55 अंश सेल्सिअसच्या आसपास, थोडाच वेळ. आत वेगळा थर्मामीटर हवाच; इतक्या कमी तापमानाला ओटीजीचं बटण भरवशाचं नसतं. एलपी म्हणजे शेवटी पीव्हीसी, एक प्लास्टिकच. साठ अंशांच्या पुढे ती मऊ पडायला लागते, आणि खाचा पुसट झाल्या की गाणं गेलंच. नंतर काचांसकट बाहेर काढून वर वजन ठेवलं आणि रात्रभर हात लावला नाही.

78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांवर मात्र हे करू नका. त्या लाखेच्या, फार ठिसूळ.

जुन्या बाजारात एलपी घेताना ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून बघा. बशीसारखी सलग वाकलेली बहुतेक वेळा सुधारते. कडेला बारीक, तीव्र उंचवटा असेल तर अवघड.

कोथरूडच्या आसपास कुणाकडे अशी एलपी असेल तर घेऊन या. काचा घरात आहेत.