डझनभर संत्री आणि सव्वा किलोचं आभाळ

नागपूरच्या इतवारीतून महिन्याचा किराणा आणायचा म्हणजे तेलाचा १५ किलोचा डबा, फल्लीदाणे, डाळ, तांदूळ आणि रिक्षावाल्याशी घासाघीस. आता फोडणी टाकता टाकता ॲपवरून जिऱ्याचं एकच पाकीट मागवतात. यादीचे असे तुकडे झाले म्हणूनच ड्रोनला काम मिळतं. त्याला पाकीट पेलतं, डबा पेलत नाही.

ऑस्ट्रेलियात घरोघरी सामान पोचवणाऱ्या ‘विंग’ कंपनीच्या ड्रोनचं जुनं मॉडेल जेमतेम १.२ किलो उचलतं. आपली डझनभर संत्री दीड किलोच्या पुढे जातात. आठ मागवा, उरलेली चार दुसऱ्या फेरीला. संत्रा बर्फीचा अर्धा किलोचा डबा मात्र मजेत येईल.

तर्री-पोह्यांचं काही खरं नाही. हे ड्रोन अंगणात उतरत नाही. सुमारे ७ मीटर उंचीवर थांबून दोरीनं खोका खाली सोडतं आणि खोका जमिनीला टेकला की हूक आपोआप सुटतो. मधेच वाऱ्याचा झोत आला की खोका झुलतो. पोहे ते सहन करतील, पण तर्रीच्या डबीचं झाकण सैल असलं तर खोका लालेलाल. फ्लॅटच्या बाल्कनीत दोरी ग्रिलला अडकणार, म्हणून पार्सल घ्यायला गच्चीवर जा. तेही मे महिन्यात, दुपारी!

त्या ४५ अंशांत हवा विरळ होते, तेवढंच वजन पेलायला पंखे जास्त जोरात फिरवावे लागतात, आणि आधीच तापलेली लिथियमची बॅटरी आणखी तापते. जानेवारीत तसं ऊन नसतं, पण संक्रांत असते. बंदी असूनही उडणारा नायलॉन मांजा मोटरच्या दांड्याला गुंडाळला की पंखा जाम. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक थांबला, की ते गिरकी घेत खालीच येतं.

शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक. सोनेगाव विमानतळापासून मोजलं तर सीताबर्डी, धरमपेठ आठच्या आतच. म्हणजे ज्या वस्तीला जिरं दहा मिनिटांत हवं असतं, नेमकी तीच.

सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, वजन मात्र कुठल्याही ड्रोनला जड नाही. ॲपवर त्याची जुडी पैसे लावून, प्लास्टिकच्या डबीत येते. बुधवार बाजारात पाव किलो वांगी घेतली, की मूठभर सांभार भाजीवाला न सांगता पिशवीत टाकतो.